कोरे भावीमत

त्या निवडणुकीत नंदुरबारच्या तान्ह्या पोरांनाही मत होते, आणि खरे दुखणे तिथूनच सुरू झाले.

मत मुलाचे, बटण दाबणार आईबाप. आईबाप आपल्या सोयीचे दाबतील, ही शंका कायदा करणाऱ्यांना होतीच. म्हणून मतदान केंद्रालगत भावीमत-कक्ष आले. मुलाचे रक्त, घरचे पाणी, गल्लीतली हवा, आईचा रोजगार अशा हजार गोष्टी यंत्राला द्यायच्या. त्यावरून प्रत्येक संभाव्य निकालानंतरचे, तीस वर्षांचे झालेले मूल यंत्र गणिताने उभे करी आणि त्यालाच विचारी, की बाबा रे, तुला काय हवे होते? त्याचे उत्तर म्हणजे भावीमत. ते पाळायची सक्ती नव्हती. ऐकून घ्यायची मात्र होती.

सविना वळवी मिरचीच्या पथारीवर कामाला होती. मोकळ्या मैदानात लाल मिरची पसरायची, उलटायची, देठ खुडायचे. हे काम यंत्रांच्या युगातही बायांच्याच वाट्याला राहिले होते. तिची दोन वर्षांची पिंकल दिवसभर सरकारी पाळणाघरात असे. यंदा जिल्ह्याचा निधी एकच होता. तो पाळणाघरांना द्यायचा, की सिकलसेल झालेल्या मुलांच्या उपचारांना, हे मतदारांनी ठरवायचे होते. सिकलसेल म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापांकडून येणारा आजार. तो या भागात घरोघरी होता.

कक्षातले शास्त्रज्ञ डॉ. दिलवर वसावे यंत्राच्या पडद्याकडे पाहत बसले होते.

"दादा, सांगा ना. काय म्हणते माझी पोर?"

"पाळणाघरं बंद झाली, तर मत कोरं येतंय."

सविना हसली. "म्हणजे नोटा, कुणालाच मत नाही! अगदी बापावर गेलीय. त्यालाही धड काही ठरवता येत नाही."

दिलवरांना ते हसू बघवेना. "नोटा असता तर यंत्राने नोटा सांगितलं असतं, ताई. कोरं म्हणजे... विचारायला कुणी सापडलं नाही."

तिला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"पाळणाघर नसलं की तुम्ही तिला पथारीवर नेणार. तिथली मिरचीची धूळ आणि एवढ्याशा पोरीची फुप्फुसं. पावसाच्या अंदाजासारखंच आहे हे, चुकतंही. पण फार कमी वेळा."

"आणि पाळणाघरं राहिली तर? तेव्हा असते ना ती?"

"असते. चांगली धडधाकट. पण तिचं मत उपचारांना आहे."

"असं कसं? पाळणाघराने जगली ना ती?"

"जगली. पण बरोबर खेळलेली पोरं सिकलसेलने एकेक करून जाताना बघत जगली."

सविनाने विचारले, "तुम्हाला पोरं आहेत, दादा?"

"एक मुलगा. रितेश." ते अडखळले. "त्याला सिकलसेल आहे. निधी पाळणाघरांना गेला, तर त्याचं मत कोरं येतं. उपचारांना गेला तर तो जगतो, आणि मत देतो पाळणाघरांना."

"मग तुम्ही कुणाला दिलं?"

"सकाळीच दिलं. माझं आणि त्याचं, दोन्ही मतं उपचारांना." त्यांची मान खाली गेली. "मुलाचं ऐकलं नाही मी."

माझ्या पोरीच्या जिवावर उठलास, असे तिला ओरडावेसे वाटले. पण कोणत्या तोंडाने ओरडणार? पूर्वीही लोक मते देत आणि त्यापायी कुठे कुणाचे मूल जाई. कुणाचे, ते मात्र कळत नसे, आणि त्या न कळण्यावरच शेजारधर्म चालला होता. आता नाव कळले होते.

"येते, दादा," ती म्हणाली.

शेजारच्या मतदान केंद्रात, कापडी पडद्याआड ती मतदान यंत्रासमोर उभी राहिली. आपली पोर मोठी होऊन इतकी भली निघणार, हे ऐकून कुठल्याही आईची छाती फुगावी. तिला फक्त रडू आले. पाळणाघराचे बटण तिने एकदा स्वतःच्या नावाने दाबले. मग पिंकलच्या नावाने, पिंकलला नको असताना, पुन्हा दाबले.