दुसरी कळशी

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. उंबराखालच्या विहिरीवर वाजतगाजत जायचं, कळशा भरून आणायच्या आणि त्याच पाण्यानं नवरा-नवरीनं न्हायचं. कोलशेतच्या आमच्या ख्रिस्ती पाड्यात या पाण्यावाचून लग्न लागलेलं मला आठवत नाही. विहीर होती सगुणाकाकूंची. त्या आगरी, आम्ही ख्रिस्ती. पण उंबर दोघांचाही होता. आता तिथे कारखान्याची भिंत आहे. तरी डोळे मिटले की मडक्याला कातडं ताणून केलेला घुमट वाजू लागतो, कढईत तळल्या जाणाऱ्या पिठाच्या फुग्यांचा गोडसर वास येतो आणि जीव तिकडे ओढ घेतो.

आमच्या घरी हे पाणी एकदाच आलं, एक्कावन्न सालच्या नाताळाआधी. आणि लग्न कुणाचंच नव्हतं.

माझा धाकटा भाऊ बस्त्याव पाद्री झाला होता. गावच्या चर्चमध्ये त्याची पहिली मिस्सा, म्हणजे त्यानं चालवलेली पहिली उपासना, व्हायची होती. सगळा पाडा खूश होता, एक आई सोडून. वडिलांच्या शवपेटीवर हात आपटून तिनं बांगड्या फोडल्या, तेव्हापासून तिचे हात रिकामे होते. मी नौपाड्याच्या शाळेत गणित शिकवायची आणि मनगटावर फक्त घड्याळ बांधायची. लग्न मला नकोच होतं. उरला बस्त्याव, आणि पाद्र्याला तर बायको करायची नसते. घरात सून यावी, तिच्या बांगड्या वाजाव्यात, एवढंच आईचं मागणं होतं आणि आम्ही दोघांनी मिळून त्यावर पाणी सोडलं होतं.

"लगीन नाय तं नाय," आई म्हणाली. "उंबराचं पानी तरी व्हऊ दे माज्या पोराचं."

बस्त्याव हसला. "होऊ दे गं बाय तिच्या मनासारखं," तो मला म्हणाला. "पाणीच तर आहे."

विहिरीवर आईनं दोन कळशा पुढं केल्या. सगुणाकाकूंनी दोर हातातच धरून ठेवला.

"दुसरी कोनाची, मार्था?"

"पानी जोडीनंच भरतान."

"नवरी नाय तं भरू नुको. भरल्या कळशीला धनीन लागते."

आईनं ऐकलं नाही. दुसऱ्या कळशीच्या गळ्यात तिनं दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्याही बांधल्या. बाया हसल्या, मीही हसले. हौसेला मोल नसतं.

सकाळी बस्त्याव पहिल्या कळशीच्या पाण्यानं न्हाला. दुसरी मागच्या पडवीत तशीच राहिली. मिस्सा आटोपून आलो तर ती रिकामी होती. मोरी ओली होती आणि बांगड्या गेल्या होत्या. कुठल्यातरी पोरीनं हात मारला असेल, असं मी म्हटलं. मोरीच्या दाराशी आई बराच वेळ उभी होती.

पुढे बस्त्यावला कल्याणपलीकडच्या एका लहानशा चर्चवर पाठवलं. मागे दोन खोल्यांचं घर, अंगणात रांजण आणि स्वयंपाकाला पास्कू नावाचा म्हातारा. दोनेक वर्षं बरी गेली. मग कुजबुज माझ्यापर्यंत नौपाड्यात येऊन पोचली. फादरच्या घरात बाई आहे. दुपारी बांगड्या वाजतात. दोरीवर फादरचा झगा वाळत असतो, आणि पास्कू सांगतो की तो त्यानं धुतलेला नसतो.

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण चौकशीला मुंबईहून मोठे फादर यायचे ठरले. बाई सापडली तर बस्त्यावच्या अंगावरचा झगा उतरणार होता आणि लहानपणापासून त्यानं दुसरं काही मागितलंच नव्हतं. मे महिन्याच्या सुटीत मी बॅग भरून तिकडे गेले.

बस्त्याव वाळला होता. झग्याची बाही फाटली होती तिथे बारीक, सुरेख टाके घातलेले दिसले. पास्कूला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

"बस्त्या, खरं सांग. कुणी आहे का?"

"मी कुणाला आणलेलं नाही, बाय. माझं व्रत मी मोडलेलं नाही."

"म्हणजे कुणी नाही."

"तसं मी शपथेवर नाही सांगू शकत."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. मी घराचा कोपरा अन् कोपरा पाहिला. पलंग एक, उशी एक, ताट एक. फक्त अंगणातली फरशी भर उन्हात ओली होती. रांजण पाझरत असेल, असं मी धरून चालले. रांजणाखाली हात घालून पाहिला, तर कोरडा ठाक.

मोठे फादर दुपारी आले. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, कपाटं उघडली आणि मग पुढच्या खोलीत पंख्यानं वारा घेत बसले. पास्कू बाजाराला गेला होता. चर्चमधली भांडीवस्त्रं दाखवायला बस्त्यावनं काढून ठेवली होती, ती मांडायला मी त्याच्याबरोबर गेले. परत आलो तर मोठ्या फादरांचा चेहरा अगदी मोकळा होता.

"मिस, तुम्ही इथे नेहमी येता?"

"सुटीत येते."

"मग झालं. बहीण येते आणि लोक बाई म्हणतात." ते हसले. "मघाशी चहा आणून ठेवलात तेव्हाच कळलं. एवढा पदर ओढून वाकलात, मी तुम्हाला ओळखलंही नाही. पण बांगड्या वाजल्या. त्याच या बांगड्या, म्हटलं."

त्यांच्यापुढे रिकामा कप होता. बशीभोवती पाण्याचं तळं साचलं होतं.

मी घड्याळाचा हात पदराखाली घेतला.

"चहा बरा झाला होता ना, फादर?" मी विचारलं.

बस्त्यावची नोकरी वाचली, अब्रू वाचली. ते गेल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. चहा मी नेला नव्हता, असं मी मान हलवूनच सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही.

अठ्ठावन्न साली तो काविळीनं गेला. पस्तिशीही पुरी नव्हती झाली. आमच्याच गावात पुरायला आणला. पेटी चर्चमध्ये ठेवली होती आणि सकाळपासून मी तिच्याशेजारून हलले नव्हते. उचलण्याआधी वरची फुलं बाजूला केली.

झाकण ओलं होतं. त्यावर हिरव्या काचांचे तुकडे पडले होते.

कुणी म्हणालं, फुलदाणी फुटली असेल. आईनं एकेक तुकडा वेचला आणि पदरात बांधला. मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं. माझ्या भावासाठी बांगड्या फोडणारं कुणीतरी होतं.

संध्याकाळी ओटीवर आम्ही दोघीच उरलो. पाहुणे गेले होते. मी म्हटलं, "आई, माझ्याबरोबर नौपाड्याला चल. इथे एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठं, रेजिन?" आई शांतपणे म्हणाली.

आत मोरीत कुणीतरी भांडी घासत होतं. राख, भांडं, पाणी. मी कान देऊन ऐकत बसले.

बांगड्या वाजत नव्हत्या.