बासष्ट नंबरचं कार्ड

रविवारी सकाळी उत्तरा साठेनं थालीपिठं लावली, फॉइलमध्ये गुंडाळली, थर्मासमध्ये चहा ओतला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण तिघांच्या अंदाजानं केलंय. घरात आता दोघीच होत्या, ती आणि दीपा. उरलेली थालीपिठंही तिनं बांधून घेतली. टाकायची कशाला?

मे महिना होता, साल १९८४. त्यांच्या हंट्सव्हिलहून दोन तासांवर, अलाबामाच्या लाल मातीत आणि पाइनच्या झाडांत, अडीच मैलांहून लांब असा तो मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक होता. वळणांवर रस्ता असा तिरपा केलेला की गाडी हळू आली तर घसरून खाली येईल. तिथे चाळीस गाड्या ताशी दोनशे मैलांनी गोल गोल फिरायच्या आणि लाखभर माणसं उन्हात बसून ते बघायची. उत्तराला यात काय बघायचं ते कधी कळलं नाही. तिच्या नवऱ्याला, राजारामला, कळलं होतं.

राजाराम रॉकेटच्या कारखान्यात कंपनं मोजायचा. कुठला पत्रा किती थरथरतो, कुठे तडा जाईल, हे कागदावर मांडणं त्याचं काम. तिथला ड्वेन नावाचा लेथवाला वर्षातून दोनदा स्वतःची गाडी या शर्यतीत पळवायचा. नंबर बासष्ट. एकदा त्याला फेऱ्या मोजायला माणूस मिळेना, म्हणून तो राजारामला घेऊन गेला, आणि राजाराम सहा वर्षं जातच राहिला.

त्या काळी फेऱ्या माणसंच मोजायची. रेषेसमोर उंचावर पत्र्याच्या छपराखाली लांब बाकं होती. प्रत्येक गाडीमागे एक माणूस, त्याच्या हातात एक कार्ड, समोर सगळ्यांसाठी एक मोठं घड्याळ. आपली गाडी रेषा ओलांडून गेली की घड्याळातली वेळ कार्डावर लिहायची. एकशे अठ्ठ्याऐंशी फेऱ्या, एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा. मोजणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांच्या बायका, मेहुण्या. त्यांच्यात टाय लावून बसलेला राजाराम एकटाच पुरुष. उत्तरा शेजारी बसून स्वेटर विणायची आणि त्याला शिंक आली की तेवढ्यापुरतं पेन हातात घ्यायची. घाईत त्याचे आकडे मराठीत उतरायचे. पहिल्या वर्षी तिथली मुख्य बाई, वांडा, हिनं त्याला शाळेतल्या पोरासारखं समोर उभं करून अख्खं कार्ड वाचून घेतलं होतं.

वांडाचा नियम एकच होता. गाडी बाद झाली किंवा शर्यत संपली की कार्डाखाली सही करायची. सही झाली की त्यावर एक अक्षर लिहायचं नाही. आणि सही नसेल, तर वांडाच्या मते ती गाडी अजून ट्रॅकवर आहे.

राजाराम फेब्रुवारीत ऑफिसात कोसळला. अकरा दिवस यंत्र त्याला श्वास देत होतं. उत्तरा उशाशी बसून ते श्वास मोजायची, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक श्वास आत जाताना मध्येच किंचित अडखळायचा आणि मग पुरा व्हायचा. बाराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आत आता कुणी नाही, फक्त यंत्र चालतंय. उत्तरा शहराच्या पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करणारी बाई. तिला रिपोर्ट वाचता येत होते. तिनं यंत्र काढायच्या परवानगीचा कागद पुढे ओढला तेव्हा दीपानं तिचं मनगट धरलं. "आई, वेट. थांब ना. जस्ट टू मोअर डेज."

उत्तरानं सही केली. वीस मिनिटांत सगळं संपलं. वीस मिनिटं तो स्वतःचा स्वतः श्वास घेत होता, हे मात्र डॉक्टरांनी आधी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तिला काही वाटेनासं झालं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तशी ती सगळीच झाली होती. लोक भेटायला आले, तिनं चहा केला. त्याचे शर्ट वाटले. त्याचं घड्याळ स्वतःच्या मनगटावर बांधलं, सैल होत होतं तरी. दीपा उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातून घरी आली होती, पण मायलेकींचं बोलणं दूध आण, गाडीत गॅस भर, इतकंच. त्या सहीबद्दल दोघी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आपण घाई केली का, एवढा एकच प्रश्न उत्तराला उरला होता, आणि तो विचारायला माणूस नव्हतं. म्हणून ड्वेननं फोन करून बिचकत विचारलं, मॅम, या वेळी मोजायला तुम्ही याल का, तेव्हा ती हो म्हणाली. नाही म्हणायला जेवढं काही वाटावं लागतं तेवढंही तिला वाटत नव्हतं.

वांडानं तिला मिठी मारली आणि राजारामच्या जागेवर बसवलं. दीपा खाली प्रेक्षकांत कानाला वॉकमन लावून बसली. एक वाजता शर्यत सुटली.

पहिल्या फेरीचा आवाज छातीत बसतो. उत्तराच्या छातीत काही बसलं नाही. राजाराम म्हणायचा, नंबर डोळ्यांनी वाचायचा पण गाडी आधी कानांनी ओळखायची. बासष्टची ओळख सोपी होती. चौथ्या वळणातून बाहेर पडताना तिचा आवाज मध्येच किंचित अडखळायचा आणि मग पुरा व्हायचा. ड्वेनला तो दोष कधी सापडला नाही. राजाराम म्हणायचा, राहू दे, त्यानंच ती कळते.

अडखळ, रेषा, वेळ. अडखळ, रेषा, वेळ. एकोणपन्नास सेकंद, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. तिचा हात आपोआप चालत होता. तिला ते बरं वाटलं, किंवा बरं वाटण्याच्या जवळचं काहीतरी.

शहाण्णवाव्या फेरीत बासष्टमधून पांढरा धूर निघाला. गाडी ट्रॅकवरून आत आली आणि माणसांनी ती ढकलत गराजमध्ये नेली. उत्तरानं ते नीट पाहिलं. ड्वेन उतरून हेल्मेट काढताना दिसला. तिनं फेरीपुढे 'बाद' लिहिलं, सहीच्या ओळीवर पेन टेकवलं, आणि चौथ्या वळणातून तो आवाज आला.

किंचित अडखळ. मग पुरा.

तिनं वर पाहिलं. गाड्यांचा एक घोळका रेषेवरून गेला. त्यात बासष्ट नव्हती. पण आवाज घोळक्यामागून, वेगळा, तिच्या समोरून गेला आणि पहिल्या वळणात शिरला. उत्तरानं घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहिली. का लिहिली, ते तिला सांगता आलं नसतं. सव्वादोनला असा पुन्हा सुरू झालेला हात थांबेना. आजूबाजूच्या बायका आपापली कार्डं लिहीत होत्या, तीही लिहीत होती, कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

प्रत्येक वेळी अठ्ठेचाळीस सेकंद. ना कमी, ना जास्त. ड्वेनला इतकी सारखी गाडी आयुष्यात चालवता आली नव्हती.

तिनं स्वतःला तपासलं. ती लॅबमधली बाई होती. थकवा, ऊन, कानात राहिलेला आवाज. थर्मासमधला चहा प्यायली. कानात कापूस घातला. कापसातूनही तो आला.

मग मागच्या बाजूला दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या आणि पिवळा बावटा निघाला. सगळ्या गाड्या हळू होऊन एकामागे एक रांगेनं फिरू लागल्या. ट्रॅक इतका शांत झाला की खालून पोराबाळांचे आवाज ऐकू आले.

त्या शांततेत तो एकटा आला. पूर्ण वेगानं.

उत्तराच्या कार्डाचा कोपरा उचलला गेला आणि परत बसला. शेजारणीनं विस्कटलेले केस सारखे केले, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वारा सुटला वाटतं." छपरावरचे झेंडे लोंबत होते.

चार वाजायच्या सुमारास कुणीतरी जिंकलं. गाड्या थांबल्या, बँड वाजला, माणसं कूलर उचलून निघाली. उत्तरा लिहीतच होती. वांडा कार्डं गोळा करत तिच्यापाशी आली.

"हनी, बासष्ट तर शहाण्णवला गेली. हे खाली काय?"

उत्तरानं पाहिलं. खालचे सगळे आकडे मराठीत होते.

"काही नाही," ती म्हणाली. "हात चालवत होते."

वांडानं चष्मा वर केला. "राज असंच लिहायचा." तिनं कार्ड उत्तराच्या हातात परत दिलं. "सध्या ठेव तुझ्याकडे. शहाण्णव माझ्या वहीत आलंय. फक्त सही करून पोस्टानं पाठव. सहीचं विसरू नकोस."

गराजमध्ये ड्वेन बॉनेट उघडून बसला होता. उत्तरानं त्याला उरलेली थालीपिठं दिली. त्यानं हात पुसला आणि एक तसंच खाल्लं.

"पिस्टन गेला," तो म्हणाला. "इंजिन तेव्हाच बंद केलं. दीड तास झाला, मॅम. हात धरून बघा."

उत्तरानं इंजिनावर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. चटका बसला होता. ड्वेन तिच्याकडे न बघता म्हणाला, "निवतच नाहीये."

पार्किंगमधून बाहेर पडायलाच तास गेला. गाडी दीपा चालवत होती. ट्रॅक मागे राहिला, आवाजही राहिला. गॅड्सडेन गाव सोडल्यावर रस्ता मोकळा झाला, दोन लेन जायला, दोन यायला, कडेला पाइन, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर. उत्तराच्या मांडीवर कार्ड होतं. कान रिकामे झाले होते, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. तिला वाईट वाटलं. आवाज परत यावा असं वाटलं.

दीपानं आरशात पाहिलं, इंडिकेटर लावला आणि गाडी उजव्या लेनमध्ये घेतली.

"काय झालं?" उत्तरानं विचारलं.

"समवन्स राइट बिहाइंड मी. जाऊ दे त्याला, फार घाईत आहे."

उत्तरानं मागे वळून पाहिलं. रस्ता डोंगरापर्यंत रिकामा होता. मग त्यांची गाडी बाजूनं ट्रक जावा तशी हलली. दीपानं पुढे पाहिलं, परत आरशात पाहिलं, आणि डाव्या लेनमध्ये आली.

उत्तरानं राजारामच्या घड्याळात पाहून वेळ लिहिली.

थोड्या वेळानं दीपाचा हात परत इंडिकेटरवर गेला. गाडी हलली. उत्तरानं लिहिलं. एकोणपन्नास सेकंद.

पुढची एक्कावन्न.

पुढची चोपन्न.

तो दमत होता. हे तिला कुणी सांगायला नको होतं. अकरा दिवस तिनं त्याचे श्वास मोजले होते. दमलेल्या माणसाला असं फिरवत ठेवायचं नसतं, त्याला थांबू द्यायचं असतं, हे तिला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळत होतं. तिनं कार्ड पर्सवर सपाट धरलं, सहीची ओळ शोधली आणि पेन टेकवलं. तिचे डोळे भरून आले.

"आई," दीपा आरशात बघत म्हणाली. तिचा आवाज हॉस्पिटलमधलाच होता. "वेट. थांब ना. तो परत येतोय."

उत्तरानं पेन उचललं.

"किती मागे आहे?"

"अजून लांब आहे." दीपानं गाडी हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केलं. दोघी आरशात बघत बसल्या.

घड्याळात सत्तावन्न सेकंद झाले. मग साठ. मग सत्तर.

"आई, बाबा आत होता ना तेव्हा?" दीपानं विचारलं. "यू साइन्ड, तेव्हा?"

उत्तरा घड्याळाकडे बघत होती.

एकशे दहाव्या सेकंदाला मागे कुठेतरी, फार लांब, काहीतरी किंचित अडखळलं. पुरं होण्याची वाट बघत दोघी बसून राहिल्या.