वीज आल्यावर

वीज जाऊन परत आली, तर संगणकाने आपणहून चालू व्हायचं की बंदच राहायचं, हे एका सेटिंगवर ठरतं. झटक्यांनी यंत्रं जळतात म्हणून मी सगळीकडे 'बंदच' ठेवतो. अठरा वर्षं दुरुस्तीचं दुकान चालवतोय, ते अंगवळणीच पडलंय. शनिवारी ताईच्या उबवण केंद्रातला संगणक दुरुस्त केला, तेव्हाही तेच केलं.

तो संगणक उबवणपेटी तापती ठेवतो. पेटीत हंसाची चार अंडी होती, एका नामशेष होत चाललेल्या जातीची. त्यांच्यासाठी ताईने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

रविवारी ताई माझ्याकडे जेवायला आली. सकाळी नऊला तासभर वीज गेली होती, असं मी सहज बोलून गेलो. माझी आणि केंद्राची लाइन एकच. तिचा घास हातातच राहिला.

"सेटिंग काय ठेवलंयस?"

"बंदच," मी म्हणालो. दुपारचे दोन वाजले होते. अंडी पाच तास गारठलेली. ताईने स्कूटर केंद्राकडे पिटाळली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

केंद्राला सुट्टी होती. कुलूप तिनेच काढलं.

संगणक चालू होता. पेटी उबदार होती आणि एका अंड्यातून चिवचिव ऐकू येत होती. ताई फरशीवर बसून हसत सुटली. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी सेटिंग पाहिलं. 'बंदच' होतं. संगणक दहाला, बटण दाबून चालू झाल्याची नोंद होती. पेटीतल्या, सेलवर चालणाऱ्या तापमापकाच्या नोंदीत मात्र तासभर वीज नसतानाही तापमान अर्ध्या अंशानेही उतरलं नव्हतं.

ताईला दाखवलं. ती म्हणाली, "कुणी का असेना, त्याचं भलं होवो. जगली ना?"

मलाही तेच पटलं.

संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं बाहेर आली, धडधाकट. ज्याने ऊब दिली त्यालाच ही आई मानतात, असं सांगत ताई पेटीवर वाकली आणि त्यांना लाडाने हाका मारू लागली.

पिल्लांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

चारही माना वर झाल्या आणि एकदमच, सावकाश वळत गेल्या. संगणकापासून खिडकीकडे. खिडकीपासून आमच्याकडे.

ताईच्या खांद्याच्या जरा वर येऊन त्या थांबल्या.