पाठमोरा बारक्या

त्या दुपारी मी टर्पेंटाइन आणायला तेवढा बाहेर पडलो होतो. कोपऱ्यावरचं दुकान बंद होतं म्हणून पुढच्या चौकापर्यंत गेलो. एवढाच काय तो उशीर.

बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. नाव बारक्या आणि उंची अशी की दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचं. आमचा धंदा नकलांचा. जुन्या, नावाजलेल्या तैलचित्रांच्या प्रती हातानं रंगवून द्यायच्या. तुम्हाला वाटेल, लोक फुलं-बागा मागत असतील. छे! मागणी सगळी काळोख्या चित्रांना. कापलेली मुंडकी, प्रेतावर वाकलेले वैद्य, बुडणारी गलबतं. हॉटेलवाले, वकील हौसेनं नेतात. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत काम, मागे राहणं. आई म्हणायची, "इतकी मढी सुकत ठेवलीत, निदान स्वयंपाकघरात तरी आणू नका रे."

तेव्हा बारक्याकडे पायऱ्यांचं चित्र होतं. खाली काळोखात जाणारा दगडी जिना आणि कंदील घेऊन उतरणारी माणसं, सगळी पाठमोरी. बस, एवढंच. बारक्याला तो खालचा काळोख काही जमेना. ट्यूबमधला काळा रंग सपाट दिसतो. तपकिरीवर निळा, निळ्यावर तपकिरी असे पातळ थर देत खोली आणावी लागते. थर देऊन देऊन तो मेटाकुटीला आला होता. जेवताना पुटपुटायचा, "खाली काय आहे ते बघितल्याशिवाय हे व्हायचं नाही."

मी परतलो तर आई दाराशी बसून शिवत होती. आत चित्र टेकवायच्या ईझलसमोर कोणी नव्हतं. ब्रश ओला होता. चपला जागच्या जागी.

"कुठे गेला?"

"जाईल कुठे? मी दारातून हललेसुद्धा नाही."

पोलिसांनी चौकशी केली. तरुण पोरगा आहे, डोक्यात राख घालून गेला असेल, येईल, म्हणाले. आम्ही दवाखाने पालथे घातले, नातेवाइकांकडे विचारलं. आईच्या घशाखाली घास उतरेना. आणि मग एका सकाळी तिनं मला चित्रासमोर ओढत नेलं.

"हा बघ."

उतरणाऱ्या माणसांत, सगळ्यांत मागे, एक उंच पाठ जास्तीची होती. मूळ चित्रात ती नव्हती, मी छापील प्रतीशी ताडून पाहिलं. एक खांदा जरा झुकलेला. तसा खांदा आमच्या घरात एकाचाच.

"वेडी झालीस का?" मी म्हणालो. पण नजर त्या खांद्यावरून हलेना.

"पोटचं पोर पाठीवरून नाही ओळखायचं तर कशावरून? तू रंगवणारा ना? मग वळव त्याला. तोंड इकडे कर त्याचं."

दुसऱ्या दिवशी ती पाठ एक पायरी खाली दिसली. मग मात्र मी विचार केला नाही. ब्रश उचलला.

चेहरा मी आठवणीतूनच काढला. फोटो समोर ठेवायचं सुचलंच नाही, इतका जीव टांगणीला लागला होता. कंदिलांचा उजेड एका बाजूनं येत होता. जुन्या चित्रांची रीतच ती, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. हात सवयीनं चालला. डावी बाजू मी अंधारात सोडून दिली. ओठ मिटलेले काढले. दात काढणं किचकट असतं, आणि मला घाई होती...

सकाळी आईची किंकाळी ऐकून धावलो. बारक्या खोलीत उभा होता.

आईनं त्याला मिठी मारली, रडली, हसली, गालावरून हात फिरवला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. पण त्याचा डावा गाल... उजेडात आणला तरी उजळेना. डोळा नाही, कान नाही, नुसता काळोख. आईनं बोटं मागे घेतली. बोटांना काळं लागलं होतं. ओलं.

"दमलाय तो," ती म्हणाली आणि बोटं पदराला पुसली.

तिनं घास भरवायला घेतला. ओठ उघडेनात. बोटांनी उघडायला गेली, तर ओठांमध्ये फट अशी नव्हतीच. तो एका डोळ्यानं तिच्याकडे बघत राहिला. मी वेड्यासारखा चित्राकडे धावलो. तोंड उघडं काढीन, गाल उजेडात आणीन, काहीतरी करीन! पण चित्रात आता तो नव्हता. त्याच्या जागी रिकामी पायरी. नुसत्या दगडावर मी काय दुरुस्त करणार?

तो खोलीत बसून राहिला. खाणं नाही, झोप नाही. आई त्याच्याशी बोलत राहायची, जमेल तेवढं पुसत राहायची.

आणि मग परवा, आम्ही तिघं बसलेलो असताना, बाहेरच्या जिन्यातून हाक आली.

"दादा..."

आवाज बारक्याचा. खूप खालून येणारा, दमलेला.

"दादा... दिवा दाखव ना. वर कुठून यायचं, दिसत नाही."

मी उठलो. आईनं माझं मनगट धरलं. तिच्यात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे.

"ओ देऊ नकोस."

"आई, तो बारक्या आहे..."

"बारक्या हा काय बसलाय."

"मग खाली कोण आहे?"

ती उठली, दाराला कडी घातली, आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या अर्ध्या चेहऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. हाक येत राहिली. दुपारभर. मी कानांत बोटं घालून भिंतीशी बसलो. देवा, आईचं ऐकू की भावाचं?

काल हाक पुन्हा आली. या खेपेला "आई" अशी. आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडून गेलं, "ओ, आले रे..."

हाक थांबली. जिन्यात पावलं वाजायला लागली. सावकाश, एकेक पायरी चढत येणारी. मी कडी काढून दिवा धरला. कठड्यावरून वाकून पाहिलं, जिना तळापर्यंत रिकामा.

तुम्हीच आता वर आलात ना? दोन मजले, कितीसे ते?

ती पावलं कालपासून चढतायत. अजून चढतायत. ऐका...