ताईने शिवलेला स्कॅप्युलर

थाप वाटली तर खुशाल सोडून द्या. पण हे घडलंय, आणि जिच्या बाबतीत घडलं ती आजही त्याच मागच्या खोलीत शिलाई मशीन चालवते.

भर दुपार होती, तीनचा सुमार. ताईला मातीत ठेवून आठ दिवस झाले होते.

दोघीच बहिणी. लग्नं केली नाहीत, सगळा जन्म शिवणात घातला. चर्चला येणाऱ्या साध्या संसारी माणसांसाठी त्या स्कॅप्युलर शिवायच्या. तपकिरी लोकरीचे दोन चौकोनी तुकडे, दोन दोऱ्यांनी जोडलेले. एक छातीवर, एक पाठीवर, कपड्यांच्या आत. तो अंगावर असताना मरण आलं तर नरकाच्या आगीची भीती नाही, अशी श्रद्धा. पण लोकर अस्सलच हवी.

धाकटीचं हृदय अधू. डॉक्टर म्हणाले होते, कधी काय होईल सांगता येत नाही. म्हणून ती अंघोळीलाही तो काढायची नाही. ताईच्या हातचा होता ना, चाळीस वर्षांपूर्वीचा.

त्या दुपारी मशीनवरच तिचा डोळा लागला. जाग आली आणि...

गळा मोकळा.

स्कॅप्युलर मांडीत पडला होता, दोरी तुटलेली. तिने टोक चाचपलं.

ओलं होतं...

ताई दोरा कधी कात्रीने कापायची नाही, दाताने तोडायची. "अगं, कात्री काय शोभेला ठेवलीय?" म्हणून धाकटी तिला रोज बोलायची.

घामाने कुजली असेल, अशी मनाची समजूत घालून तिने दोरी बदलली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

तिसऱ्या दुपारी ती नुसतीच डोळे मिटून बसली. मानेमागे कुणीतरी श्वास घेतला... मग बारीकसा आवाज... कट्.

मागे कुणीच नव्हतं.

"ताई, का छळतेस गं?"



नवी दोरी लावायला तिने चौकोन उसवला, तर कापडाचा एक धागा सुटून आला. शिवणाऱ्या बाईची सवय, तिने तो जळत्या काडीवर धरला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो, राख होते. हा धागा वितळला. त्याचा काळा, टणक मणी झाला.

टेरिकॉट.

लोकरीत लबाडी करायची नाही, हे धाकटीला ताईनेच शिकवलं होतं. ताईचा स्वतःचा अस्सल लोकरीचा होता. शेवटच्या दिवशी धाकटीनेच तो इस्त्री करून तिच्या गळ्यात घातला होता.

"चाळीस वर्षं फसवलंस मला," ती रडत म्हणाली. "आपल्या माणसाला?"

मग तिला वाटलं, ताई चूक निस्तरायलाच येत असेल. म्हणून तर खोटा तोडून टाकते. बिचारी.

तिने अस्सल लोकरीचा नवा शिवला. फादरांकडून आशीर्वाद घेऊन गळ्यात घातला. "माफ केलं, ताई. आता नीज."

त्या दुपारी ती निवांत झोपली.

उठली तेव्हा...

या वेळी दोन्ही दोऱ्या तुटल्या होत्या. टोकं चावून चावून पिंजलेली.

आता ती दोरीऐवजी तांब्याची तार ओवते. छातीत कळ आली की हात आधी गळ्याकडे जातो. रोज संध्याकाळी मानेमागे तार ओली लागते.

अस्सल लोकर घालून गेलेली ताई मग आहे तरी कुठे... आणि तिथे तिला धाकटी कशाला हवीय, हे फादरांना विचारायचं तिला अजून धाडस झालेलं नाही.