साठ नंबरचं गेट

चंदनबाला मगदूम खुर्चीत बसल्या, पण मांडीवरची पर्स काही त्यांनी खाली ठेवली नाही. दोन्ही हातांनी ती घट्ट धरून ठेवली होती.

"आमच्या सहा बायका आणि चार मुलं बुधवारपासून दुसऱ्या जागी आहेत," त्या म्हणाल्या. "ती जागा सुरक्षित आहे की नाही, एवढंच मला सांगा. पण आज, संध्याकाळच्या आत."

खासगी तपासनीस रेश्मा घोरपडेने समोरची फाइल मिटली. शेजारी तिचे मामा, निवृत्त सुभेदार जोतीराम, वही उघडून बसले होते. साताऱ्याहून ते आठवडाभरासाठी म्हणून भाचीकडे सांगलीला आले, त्याला आता दोन वर्षं झाली होती. गाडी तेच चालवत आणि टिपणंही तेच घेत.

"सुरुवातीपासून सांगा, ताई."

चंदनबालाताई मिरजेत 'ओवरी' नावाची छोटी संस्था चालवत. घरच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांना ती आसरा देई. ऑफिस मिरजेत, पण बायका राहत ते घर कुपवाडच्या कारखान्यांच्या मागे होतं. प्लॉट नंबर सोळा. गेटावर पाटी नाही, पत्ता कुणाला सांगायचा नाही.

"बुधवारी आमच्या स्वयंपाकाच्या हरणाबाई दूध आणायला गेल्या. पलीकडच्या गल्लीत एका वर्कशॉपच्या वॉचमनशी धनाजी हुज्जत घालताना दिसला. आमच्याकडे मालन आहे, तिचा नवरा. हरणाबाईंनी त्याचा फोटो पाहिला होता. त्या तशाच पळत आल्या आणि मला फोन केला. साडेदहा वाजले होते. तासाभरात आम्ही सगळ्यांना गाडीत घातलं आणि साताऱ्याच्या बाजूला नेलं."

"आणि धनाजी?"

"पसार. पोलीस शोधतायत. मालनला त्याने दोनदा दवाखान्यात पोचवलंय. तिसऱ्यांदा दवाखान्यापर्यंत पोचू देणार नाही, असं त्याने तिच्या भावाला सांगितलंय."

"कुपवाडचा पत्ता कुणाकुणाला माहीत होता?"

"मला, समुपदेशक श्रद्धाला आणि कॉम्प्युटर बघणाऱ्या सम्मेदला. हरणाबाई आणि बायका तिथेच राहतात, बायकांकडे फोन नसतात. हरणाबाईंच्या फोनवर फक्त माझा नंबर लागतो." ताईंनी पर्स आणखी जवळ ओढली. "साताऱ्याची जागासुद्धा आम्हा तिघांनाच माहीत आहे. सम्मेद म्हणतो, कुणीतरी आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून पत्ता चोरला. तसं असेल तर बरंच. पण नसेल तर?"

"कॉम्प्युटरमध्ये पत्ता आहे?"

"एकाच ठिकाणी. घरमालकाशी केलेल्या कराराची प्रत आहे. त्यात आकड्यात लिहिलंय, सोळा. खरं तर अशी चोरी होऊ नये म्हणूनच आम्ही फायरवॉल घ्यायच्या खटपटीत होतो."

मामांचं पेन थांबलं. "फायरवॉल म्हंजे काय गं?"

"युनिटच्या गेटावरचा संत्री, मामा. आत कोण येतंय, बाहेर काय जातंय ते बघायचं, नको त्याला अडवायचं आणि सगळं वहीत लिहायचं. फक्त हे गेट इंटरनेटचं."

"मग संत्री नीट पारखून घ्याया पायजे."

"तेच चाललं होतं," ताई म्हणाल्या. "तीन पर्याय आलेत. पुण्याच्या कंपनीचं मोठं मशीन, कुपवाडच्या भरतेश चौगुलेंचं लहान मशीन, आणि सम्मेद म्हणतो की जुन्या कॉम्प्युटरवर फुकटचा प्रोग्रॅम घालून तो स्वतः करून देईल. भरतेशचं मशीन सध्या चाचणीसाठी ऑफिसात लावलंय. आणि नेमकं ते लावल्यावरच हे झालं."

रेश्मा उठली. "आधी वॉचमनकडे."

कुपवाडला वर्कशॉपच्या गेटावर पांढऱ्या रंगात मोठा आकडा होता: ६०. वॉचमन नाथाजी तंबाखू मळत उभा होता.

"आवं, लय डोकं खाल्लं त्यानं," तो म्हणाला. "म्हनला, नेटचं मशीन बसवायचं हाय, आत सोड. पिशवीत वायरीचं भेंडोळं हुतं. मी म्हनलं, हितं लेथ मशीन हाय, नेट-बिट काय न्हाई. तर म्हनतो, साठ नंबर ह्योच न्हवं? मला फोनवर साठच सांगितलाय. हितं बायका ऱ्हात्यात का, असंबी इचारलं. तवा मला संशय आला."

"तुम्ही सोळा नंबरचं घर दाखवलं नाहीत ना?"

"मला काय म्हाईत सोळात कोन ऱ्हातंय! पलीकडल्या गल्लीत हाय ते."

गाडीत बसताच मामा म्हणाले, "पोरी, मिटलं की! नेटचं मशीन म्हनला न्हवं? ह्यो भरतेशच. दुसरं कोन मशीनीचं बोलंल?"

"ज्याने ओवरीची जाहिरात वाचली असेल तो," रेश्मा फोनकडे बघत म्हणाली. संस्थेच्या इंटरनेटवरच्या पानावर महिनाभरापूर्वी मजकूर टाकलेला होता. तिने मोठ्याने वाचला: "'मुख्य ऑफिस व दुसऱ्या केंद्रासाठी फायरवॉलची कोटेशन मागवण्यात येत आहेत. तांत्रिक चौकशीसाठी संपर्क: सम्मेद उपाध्ये.' खाली मोबाइल नंबर."

मामांना ते पटलं नाही. मिरज येईपर्यंत ते तोंडातल्या तोंडात भरतेशलाच शिव्या घालत होते.

ओवरीचं ऑफिस म्हणजे एका दवाखान्यावरच्या दोन खोल्या. श्रद्धा दारातच भेटली. तिचे डोळे सुजले होते.

"एक गोष्ट मी ताईंना सांगितली नाहीये," दार लोटून ती पुटपुटली. "मालन इथे कोर्टाच्या तारखेची कागदपत्रं करायला आली होती, तेव्हा मी तिला आईशी बोलू दिलं. ऑफिसच्या फोनवरून. तिची आई आजारी होती हो. मला राहवलं नाही."

"कधी?"

"हे चाचणीचं मशीन लावलं त्याच दिवशी. एकोणीस दिवस झाले. मी शेजारीच उभी होते. कुठे राहते विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, 'कारखान्यांच्या मागं हाय, बरी हाय.'" श्रद्धाने ओढणीने नाक पुसलं. "माझ्यामुळेच झालं का हे?"

"अजून सांगता येत नाही," रेश्मा म्हणाली. श्रद्धाच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला.

आतल्या खोलीत भरतेश चौगुले आपल्या मशीनपुढे उभा होता. मशीन वहीएवढं, त्यावर हिरवे दिवे.

"मॅडम, माझं नाव खराब होतंय," तो तडकून म्हणाला. "ट्वेंटी वर्षं झाली धंद्यात. मला दुसऱ्या केंद्राचा पत्ता कुणी दिलेलाच नाही! हे बघा कोटेशन."

रेश्माने कागद पाहिला. दुसऱ्या केंद्रापुढे लिहिलं होतं: पत्ता निवडीनंतर कळवला जाईल. ताईंनी पुण्याच्या कंपनीचं कोटेशनही दाखवलं. दोन्हींवर तेच वाक्य होतं.

"मशीनमधली नोंद दाखवा. आत-बाहेर काय गेलं ती."

भरतेशने पडदा फिरवला. "तीच तर पुसलीय कुणीतरी. पहिली नोंदच बुधवारी सकाळी अकरा दहाची आहे. त्याआधीचं सगळं साफ."

"पासवर्ड कुणाकडे?"

"माझ्याकडे आणि सम्मेदकडे. पण मी बुधवारी दिवसभर महाबळेश्वरला होतो, एका हॉटेलात कॅमेरे बसवत. सकाळभर शिडीवरच, फोनला किंवा कॉम्प्युटरला हातही लावला नाही. विचारा त्यांना." त्याने लगेच नंबर दिला. मामांनी बाहेर जाऊन फोन लावला आणि जरा हिरमुसूनच परत आले. भरतेश खरं बोलत होता.

सम्मेद उपाध्ये शेवटी आला. तिशीचा, सडपातळ. दिवसा बँकेत नोकरी करून उरलेल्या वेळात तो ओवरीचं काम करी, एक पैसा न घेता. बोलताना तो फोन सारखा उलटा-सुलटा करत होता.

"नोंद पुसलीय म्हणजे सरळ आहे," तो म्हणाला. "हॅकर पुरावा ठेवत नाही. हे असलं स्वस्त मशीन लावू नका म्हणून मी सांगत होतो. ऑफिसात फोर्टीन डिव्हाइस आहेत, त्यातलं एक जरी फुटलं तरी संपलं."

मामांनी वहीत लिहिलं: ऑफिसात ४० डिव्हाइस.

रेश्माची नजर वहीवर पडली आणि तिथेच थांबली. तिने आकडा खोडला नाही.

"पुण्याच्या कंपनीचा माणूस जागा बघायला आला होता का, सम्मेद?"

"नाही. म्हणजे... फोन आला होता वाटतं. आठवत नाही."

"बरं. ताई, श्रद्धा आणि भरतेशना आत बोलवा. आणि दार लावून घ्या."

सगळे बसले. ताई मात्र भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या.

"धनाजी साठ नंबरला गेला," रेश्माने सुरुवात केली. "सगळे म्हणाले, पत्ता जरा चुकला. पण तो कसा चुकला, हे कुणी विचारलं नाही. करारात आकड्यात १६ लिहिलंय. तो कागद चोरून वाचणारा माणूस साठच्या गेटावर कशाला जाईल? म्हणजे पत्ता कागदावरून गेलेला नाही आणि कॉम्प्युटरमधूनही नाही."

"फोनवर सांगितला, असं नाथाजी म्हनला की," मामा म्हणाले.

"हो. पण मराठीत सोळा ऐकून कुणी साठ समजत नाही. मालनच्या आईने सोळा ऐकलं असतं तर सोळाच सांगितलं असतं. ताईही सोळाच म्हणतात. श्रद्धा, तूही आकडे मराठीत बोलतेस. तुझा यात दोष नाही."

श्रद्धाने तोंडावर हात घेतला.

"मामा, ऑफिसात किती डिव्हाइस आहेत?"

"चाळीस. लिवलंय की."

"या दोन खोल्यांत चाळीस कुठून येतील? चौदा आहेत. सम्मेद फोर्टीन म्हणाला, तुम्ही फोर्टी ऐकलंत. तसंच कुणीतरी सिक्स्टीन म्हणालं आणि धनाजीने सिक्स्टी ऐकलं. इंग्रजीत आकडे बोलणारे इथे दोघं. भरतेशना पत्ता माहीतच नव्हता."

सम्मेद फरशीकडे बघत होता.

"धनाजीला संस्थेचं नाव कोर्टाच्या कागदांवरून माहीत होतं. त्याने तुमची जाहिरात वाचली. त्यात दुसरं केंद्र होतं आणि तुझा नंबरही होता. त्याने मशीनच्या कंपनीतून बोलतोय म्हणून फोन केला, आणि तुला वाटलं ती पुण्याचीच कंपनी. मशीन कुठे बसवायचंय ते बघायला येतो म्हणाला. खरं ना?"

"तो इतकं व्यवस्थित बोलत होता," सम्मेदचा आवाज जेमतेम निघाला. "केबल किती लागेल, भिंत कुठली, सगळं विचारलं त्याने. मला वाटलं, काम लवकर उरकेल. मी मुद्दाम नाही केलं, ताई."

"ते मला ठाऊक आहे," रेश्मा म्हणाली. "पण नोंद तू मुद्दाम पुसलीस. साडेदहाला हरणाबाईंचा फोन आला, ताईंनी तुला कळवलं, तेव्हाच तुझ्या लक्षात आलं. अकरा दहाला मशीन साफ झालं. चोर चोरीनंतर लगेच पुसतो, बोभाटा झाल्यावर चाळीस मिनिटांनी नाही. बाहेरून कुणीच शिरलं नव्हतं, हे सांगणारा एकच साक्षीदार होता, हे मशीन. तू त्याचंच तोंड बंद केलंस."

ताई पुढे आल्या. त्यांचा हात उचलला गेला आणि हवेतच थांबला. "तीन दिवस, सम्मेद? तीन दिवस मी झोपले नाही. साताऱ्याच्या घराचं दार वाजलं की तिथल्या बायका मोरीत जाऊन लपतात."

"त्याने परत फोन केला का?" रेश्माने विचारलं.

सम्मेदने फोन टेबलावर ठेवला. त्याच नंबरावरून अकरा वेळा फोन आला होता. त्याने एकदाही उचलला नव्हता.

"मग साताऱ्याची जागा अजून शाबूत आहे," रेश्मा म्हणाली. तेव्हा कुठे ताई भिंतीपासून हलल्या आणि खुर्चीत बसल्या. "पण तो सुटलेला आहे तोवर आपण मोकळे नाही. सम्मेद, आता तू त्याला फोन लावायचास. आवाज कापता कामा नये."

आवाज कापला, पण थोडाच. मशीन आलंय, पत्ता समजावणं अवघड आहे, दुपारी तीनला मिरज स्टेशनसमोर या, मी स्वतः जागेवर नेतो, असं सम्मेद म्हणाला. श्रद्धाने डोळे मिटून घेतले. मग पलीकडून आवाज आला, "येतो सर."

रेश्माने लगेच पोलिसांना कळवलं. तीनला धनाजी रिक्षातून उतरला. साध्या वेशातल्या चार पोलिसांनी त्याला सम्मेदपर्यंत पोचूच दिलं नाही. पिशवी रस्त्यावर उपडी झाली. वायरीच्या भेंडोळ्याखाली फडक्यात गुंडाळलेला उसाचा कोयता होता. तो पाहून सम्मेद तिथेच फुटपाथवर बसला.

मामा त्याच्याजवळ गेले आणि दंडाला धरून त्यांनी त्याला उठवलं. "ऊठ गड्या. चूक सगळ्यांच्या हातनं हुती. दडवायची न्हवती."

"मी उद्यापासून येत नाही, ताई," तो म्हणाला.

"ते नंतर बघू," चंदनबालाताई म्हणाल्या. "आधी मालनला तू स्वतः सांगायचंस. आत्ता. गाडीत बस."

वाटेत कऱ्हाडच्या पुढे ताईंनी विचारलं, "मग फायरवॉल घ्यायची की नाही?"

"घ्या," रेश्मा म्हणाली. "भरतेशची घ्या. बिघडली तर तो कुपवाडहून तासाभरात येईल, आणि तुमच्याकडे ती सांभाळायला दुसरं कुणी नाही. फक्त नोंदीचा पासवर्ड दोघांनी मिळून ठेवा, म्हणजे एकट्याला ती पुसता येणार नाही. आणि फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी आधी फोन ठेवायचा, मग कंपनीच्या कागदावरच्या नंबराला आपण लावायचा. ते काम मशीन करणार नाही."

सूर्य कलला होता. साताऱ्याच्या घराचं दार ताईंचा आवाज ओळखल्यावरच उघडलं. मालन कणीक मळत होती. धनाजी सापडल्याचं ऐकून तिचे हात परातीतच राहिले.

मग सम्मेद बोलला. काहीही न वगळता सगळं सांगितलं. मालनने परात बाजूला सरकवली.

"चुकून सांगितलं, त्ये मी समजून घीन," ती म्हणाली. "पर हे तीन दिस? मी पोरीचं तोंड दाबून बसले हुते. तिला खोकलाबी काढू दिला न्हाई. तुमी सांगितलं असतं, तर निदान कुणाला भ्यायचं हे तरी कळलं असतं."

सम्मेदने हात जोडले. मालनने ते पाहिलं. ती रेश्माकडे वळली.

"बाई, खरंच धरला न्हवं त्येला?"

"मी स्वतः बघितलं. कोठडीत आहे."

मालनने पिठाचे हात पदराला पुसले. आतल्या खोलीत जाऊन तिने पाच वर्षांच्या पोरीला बाहेर आणलं. दाराशी आल्यावर ती पोर थबकली आणि आईकडे बघू लागली.

"जा," मालन म्हणाली. "जा गं भायेर. आणि आता मोठ्यानं वरड."