शाईचे ठिपके

"माझ्या खुर्चीची उंची कोणी बदलली?"

मायक्रोस्कोपवर वाकलेला अनोळखी डॉक्टर दचकून उठला. "मी... माझे पाय जरा लांब आहेत."

"ते दिसतंय. अक्कल किती लांब आहे, तेही कळेल हळूहळू."

प्रयोगशाळेत सगळे तिला घार म्हणायचे. तिच्या नजरेतून पेशी सुटत नसे आणि तावडीतून माणूस. पण तो हसला, गालाला खळी पडली... आणि घारीने घाईघाईने समोरची स्लाइड उचलली.

तो दुसऱ्या रुग्णालयातून पाहुणा आला होता. गळ्याच्या गाठीतून सुईने काढलेल्या पेशी बघून कॅन्सर आहे की नाही हे घार सांगायची. ते कितपत अचूक असतं, हे ताडून पाहायचं होतं. तिने तपासलेल्या स्लाइड त्याने पुन्हा वाचायच्या, तिचं मत न कळता. म्हणून नियम कडक — स्लाइडबद्दल दोघांनी आपसात अवाक्षर काढायचं नाही.

मग काय! कामाचं बोलायची बंदी, त्यामुळे चहाला बाकी सगळं निघायचं. तिला मांजराची भीती वाटते, हे तिने सख्ख्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

"कॅन्सरला घाबरत नाही आणि मांजराला घाबरता?"

"कॅन्सर पायात घोटाळत नाही हो!"

तो खो खो हसला. मग कपात बघत म्हणाला, "आई विचारत होती, तिकडेच रमलास की काय..."

"मग? काय सांगितलंत?"

"म्हटलं, काम फार आहे." काम तर संपत आलं होतं.

निकाल ताडले, तर सगळेच्या सगळे एकसारखे! "काय जुळतंय तुमचं!" विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, आणि दोघंही उगाच खिडकीबाहेर बघू लागले.

संध्याकाळी स्लाइड आवरताना मात्र घारीने एक काच उजेडाकडे धरली, मग दुसरी, मग तिसरी. काचांवर शाईचे बारीक ठिपके होते. तिचेच. नजरेत भरणाऱ्या पेशींवर ती तशी खूण करायची. त्याला देण्याआधी त्या खुणा पुसायचं ती साफ विसरली होती. म्हणजे त्याची नजर तिच्याच बोटाला धरून चालली होती. ते जुळणं काही खरं नव्हतं.

गप्प बसली असती, तर कोणाला कळलं नसतं. सांगितलं तर नाचक्की. आणि त्याच्या मनातून आपण उतरणार, याचंच तिला जास्त वाईट वाटत होतं. तरी ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ठिपके पुसायचे राहिले. चूक माझी आहे. सगळं पुन्हा वाचावं लागेल."

"ते ठिपके... मला दिसत होते." तो कान खाजवू लागला. "विचारणार होतो. पण स्लाइडबद्दल बोलायची बंदी ना!"

"शहाणेच आहात!" डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं.

"मी थांबावं म्हणून एवढा खटाटोप कशाला? नुसतं सांगितलं असतंत तरी..."

"खटाटोप? मी?" ती लालेलाल झाली.

पुसलेल्या स्लाइड त्याने पुन्हा वाचल्या. या वेळी एक जुळली नाही. एका शिक्षिकेच्या गाठीला घारीने साधी गाठ म्हटलं होतं. तो म्हणाला, काचेच्या पार कडेला बघा. तिने बघितलं आणि बघतच राहिली. शिक्षिकेला लगेच बोलावून घेतलं. गाठ काढली, ती कॅन्सरचीच निघाली, पण कॅन्सर बाहेर कुठे पसरलेला नव्हता. शिक्षिका बरी होणार होती.

त्या दिवशी घार चहाला गेली नाही. तोच कप घेऊन आला.

"माझ्या नजरेतून सुटली ती," ती म्हणाली.

"माझ्याही सुटली होती की, पहिल्यांदा. तुम्ही ठिपक्यांचं सांगितलं नसतंत, तर कायमची सुटली असती." तो घुटमळला. "आता काम संपलं. सोमवारी निघायचंय..."

रोज अहवालात ती किती जपून लिहायची — शक्यता वाटते, नाकारता येत नाही, पुन्हा तपासावे. आता त्यातला एकही शब्द तिला आठवेना.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "मला तू आवडतोस."

तो कप घेऊन तसाच एक पाऊल जवळ आला.

"माझं मत तर... मी आलो त्याच दिवशी झालं होतं," तो हळूच म्हणाला. "सांगायचा धीर होत नव्हता, एवढंच."

तिने त्याच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि हात धरला.